टॉन्सिलमधला एचआयव्ही : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२४

१० एप्रिल २०२४, पुणे

काल पाडवा, लॅबला सुट्टी. आज आल्या आल्या एथिक्स कमिटीचं पत्र हातात पडलं. मंजुरी आहे, दोन दुरुस्त्यांसह. संमतीपत्रात मी 'ऊती' असं लिहिलं होतं. कमिटीतल्या वकीलबाईंनी त्याला गोल करून शेजारी लिहिलंय, 'हे कोणाला कळणार?' बरोबर आहे त्यांचं. 'ऑपरेशनमध्ये काढलेल्या टॉन्सिलचा तुकडा' असं केलं. दुसरी दुरुस्ती म्हणजे ७ वर्षांपुढच्या मुलांना वेगळं, त्यांना समजेल असं सांगायचं आणि १२ च्या पुढच्यांची सहीसुद्धा घ्यायची. आईवडिलांची संमती लागतेच, पण टॉन्सिल शेवटी पोराचा.

प्रश्न इथे लिहून ठेवते, म्हणजे चार महिन्यांनी भरकटले तर परत येता येईल. एचआयव्ही सीडी४ पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, पृष्ठभागावर सीडी४ नावाचं प्रथिन असलेल्या; त्याच दारातून विषाणू आत शिरतो) संपवतो हे बारावीलाही शिकवतात. पण ज्या पेशीत विषाणू वाढतो तीच मरते, की मरणाऱ्या पेशी भलत्याच असतात?

आणि हे टॉन्सिलमध्येच का बघायचं? तर शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट्सपैकी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सीडी४ त्यातल्याच) जेमतेम २ टक्के रक्तात फिरतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्याचं अस्तर, टॉन्सिल अशा ठिकाणी मुक्काम करून असतात. पायाला काटा लागून चिघळलं की जांघेत अवधाण आलं म्हणतात ना आमच्याकडे, ती गाठ म्हणजे हीच लसिकाग्रंथी. हा विषाणू पहिल्यांदा सापडला तोही तिथेच. जानेवारी १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आला, आणि त्यातून फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने तो वेगळा केला. त्यानंतर बहुतेकांनी रक्तावर काम केलं, कारण रक्त काढायला सर्जन लागत नाही.

१८ एप्रिल

टॉन्सिल यायला अजून वेळ आहे, तोवर हात बसावा म्हणून रक्ताच्या पेशींवर रंगीत तालीम. माझंच रक्त घेऊ का म्हटलं, तर मॅडम भडकल्या. बरोबरच होतं. स्वतःच्या पेशींत एचआयव्ही वाढवायचा नाही हा नियम आहे. उद्या चुकून टोचलं, तर त्या पेशी शरीराला परक्या वाटणारच नाहीत. ब्लडबँकेतून आणलेलं वापरलं.

एक प्लेट नुसती, एका प्लेटला पीएचए आणि आयएल-२ देऊन पेशी चेतवलेल्या. विषाणू दोन्हींत सारखाच.

२६ एप्रिल

अपेक्षेप्रमाणेच. चेतवलेल्या पेशींत पी२४ भरपूर (पी२४ हे विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन, मीडियात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतो त्यात, किती सुटलं ते एलायझा चाचणीने मोजतो). न चेतवलेल्या प्लेटमध्ये जवळजवळ काहीच नाही. निवांत पेशीत विषाणू आत गेला तरी पुढे सरकत नाही. विषाणूला स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करायला कच्चा माल लागतो, आणि अशा पेशीत सॅमएचडी१ नावाचं प्रथिन तो कच्चा माल मोडून ठेवतं.

म्हणजे रक्तात काम करायचं तर पेशींना आधी ढोसायचं, आणि ढोसल्यावर त्या मूळच्या राहत नाहीत. रक्ताबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच.

२ मे

पहिला टॉन्सिल. शाळांना सुट्ट्या लागल्या. मे महिना म्हणजे टॉन्सिलचा सीझन, असं ईएनटीचे डॉक्टर हसत म्हणाले. परीक्षा झाल्या की आईवडील पोरांना घेऊन येतात.

संमती घ्यायला मी स्वतः गेले होते. ९ वर्षांचा मुलगा, सोबत आई. फॉर्म शांतपणे वाचला बाईंनी, एचआयव्ही या शब्दावर बोट ठेवून थांबल्या. "म्हणजे ह्याला एड्स आहे का बघणार?" नाही, म्हटलं. "मग त्यात तुम्ही एड्स घालणार?" हो. काढल्यानंतर, लॅबमध्ये, बशीत. "आणि त्याला काही नाही ना होणार?" ताई, टॉन्सिल एकदा बाहेर आला की त्याचा आणि तुमच्या मुलाचा संबंध संपला, त्यावर नावही नसणार, फक्त नंबर. बाईंनी थोडा विचार केला. "नाहीतर फेकूनच देतात ना?" हो. सही केली. मुलाने विचारलं, "दुखेल का त्याला?" 'त्याला' म्हणजे टॉन्सिलला. नाही म्हटलं. हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे, तरी जरा अडखळले.

दुपारी साडेबाराला लॅबचे मामा बर्फाचा डबा घेऊन आले. टी-०१. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल, थंड मीडियात. कॉटरीने कडा भाजलेल्या, त्या आधी छाटाव्या लागल्या. सर्जनना विनंती करायला हवी की जमलं तर साध्या पद्धतीने काढा, भाजू नका. भाजलेल्या भागातल्या पेशी आपल्या कामाच्या नाहीत. खाचांमध्ये पांढरी घाण अडकलेली होती, वास कसला ते लिहीत नाही. चार वेळा अँटिबायोटिकच्या पाण्यात धुतला.

मग २-३ मिलिमीटरचे ठोकळे. ही पद्धत अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत लिओनिद मार्गोलिस यांच्या गटाने १९९५ च्या सुमारास बसवली. सर्जन रक्त थांबवायला जो जिलेटिनचा स्पंज वापरतात, त्याचे चौकोन मीडियात भिजवायचे आणि त्यावर ठोकळे ठेवायचे, एका चौकोनावर ९. खालून मीडिया, वरून हवा. ठोकळा बुडता कामा नये. बुडला तर मधला भाग गुदमरून मरतो. विषाणूचा थेंब प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर, काही मायक्रोलिटरच. दिवा लावताना तेल ओततो तसा हात स्थिर हवा.

धारदार काम विषाणू घालायच्या आधीच संपवायचं. त्यानंतर बीएसएल-३ मध्ये (घातक विषाणूंसाठीची बंदिस्त लॅब, आतली हवा बाहेर पडू नये म्हणून आत दाब कमी ठेवलेली) ब्लेड, सुई काही नाही. हा नियम दारावर लाल अक्षरात आहे.

दोन विषाणू वापरतोय. एक एनएल४-३, जगभरच्या लॅबमध्ये असतो तो. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विषाणूचा अर्धा आणि पॅरिसच्या विषाणूचा अर्धा भाग जोडून केलेला. दुसरा आपल्याकडचा, सबटाइप-सी (सबटाइप म्हणजे एचआयव्हीची पोटजात). भारतातली बहुतांश लागण सबटाइप-सीची, पण टॉन्सिलवरचं गाजलेलं काम जवळपास सगळं सबटाइप-बीवर, म्हणजे एनएल४-३ च्या पोटजातीवर झालंय. या प्रकल्पात नवं काही असेल तर ते एवढंच.

१४ मे

आज १२ वा दिवस, टी-०१ चा प्रयोग संपवला. दर तीन दिवसांनी मीडिया बदलत होते, ५ तारखेचा रविवारही त्यात गेला. काल मतदानाची सुट्टी, बोटावर शाई, त्यावर आज दोन-दोन ग्लोव्हज.

मीडियातलं पी२४ सहाव्या दिवसापासून चढत गेलंय, दोन्ही विषाणूंत. काहीही न चेतवता. रक्ताला ढोसावं लागलं, टॉन्सिलला नाही. त्यात आधीच काही पेशी जाग्या असतात, रोज घशातून जाणाऱ्या हजार गोष्टींशी त्यांचं भांडण चालू असतं. शिवाय सगळ्या पेशी एकमेकींना चिकटून. विषाणूला पोहत जावं लागत नाही.

ठोकळे कुस्करून पेशी सुट्या केल्या, रंग लावले, फिक्स केल्या. फ्लो (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन रंगावरून मोजणारं मशीन) उद्या.

१६ मे

दिवस फुकट. की फुकट नाही, माहीत नाही.

फ्लोवर सीडी४ असलेल्या पेशी निवडल्या आणि त्यांत पी२४ किती ते बघितलं. जवळपास शून्य! मीडियात पी२४ आहे, पेशींत नाही. मग ते आलं कुठून? तासभर मशीनला, अँटिबॉडीला, स्वतःला दोष दिला. शेवटी सीनियर ताईने मागून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "तू सीडी४ वर गेट का लावलायस?"

गेट म्हणजे मोजायच्या पेशी निवडायची चौकट. डोक्यावर हात मारला. विषाणू पेशीत शिरून कामाला लागला की पहिलं काम म्हणजे ज्या दारातून आला ते दार काढून टाकणं. विषाणूची नेफ आणि व्हीपीयू ही प्रथिनं आणि त्याचं आवरणाचं प्रथिन असे तिघे मिळून पेशीच्या पृष्ठभागावरचं सीडी४ खाली ओढतात. दुसरा विषाणू आत येऊ नये, बाहेर पडणारी पिल्लं दारातच चिकटून राहू नयेत, म्हणून. म्हणजे लागण झालेली पेशी सीडी४ वरून शोधायची म्हणजे चोराला त्याने काढून फेकलेल्या शर्टावरून ओळखायचं. सीडी३ आहे पण सीडी८ नाही असा गेट लावला (सीडी३ सगळ्या टी पेशींवर असतं, त्यातल्या सीडी८ वाल्या वगळल्या की उरतात त्या मुख्यतः मूळच्या सीडी४ वाल्या), आणि पी२४ वाल्या पेशी लगेच समोर आल्या. फाइल जपून ठेवली आहे, नवीन येणाऱ्या मुलांना दाखवायला.

२४ मे

टी-०२ आणि टी-०३ पण झाले. आता चित्र दिसायला लागलंय.

एनएल४-३ च्या ठोकळ्यांत सीडी४ पेशी निम्म्याहून जास्त गेल्या. सबटाइप-सीच्या ठोकळ्यांत पी२४ तेवढंच, पण पेशींची संख्या फारशी हललेली नाही. पहिल्यांदा वाटलं, आपला विषाणू सौम्य आहे. उगाच थोडा अभिमानही वाटला, कसला कोण जाणे.

मॅडमनी १९९९ चा ग्रिव्हेल आणि मार्गोलिस यांचा पेपर हातात ठेवला. विषाणूच्या पृष्ठभागावरचं जीपी१२० हे प्रथिन आधी सीडी४ ला चिकटतं, मग त्याला पेशीवरची दुसरी कडी लागते: सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४. या दोन कड्या १९९६ मध्ये सापडल्या. दुसरी कडी लागली की विषाणूचंच जीपी४१ हे प्रथिन पेशीच्या आवरणात घुसतं आणि दोन्ही आवरणं एकमेकांत मिसळतात. एनएल४-३ सीएक्ससीआर४ वापरतो, आणि ही कडी टॉन्सिलमधल्या बहुतेक सगळ्या सीडी४ पेशींवर असते. आपला सबटाइप-सी सीसीआर५ वापरतो, आणि ती फार थोड्या पेशींवर. त्या पेपरने दाखवलं ते हे की दोघेही आपापल्या दाराच्या पेशी सारख्याच निर्दयपणे मारतात. एकाच्या वाट्याला गाव येतं, दुसऱ्याच्या वाट्याला एक आळी. आम्ही सीसीआर५ असलेल्या पेशी वेगळ्या मोजल्या. आळी रिकामी झाली होती.

सौम्य वगैरे काही नाही.

आतड्यात सीसीआर५ वाल्या स्मृतिपेशी (आधी भेटलेले जंतू लक्षात ठेवणाऱ्या) खच्चून भरलेल्या असतात, हे इथे आठवायला हवं. म्हणूनच लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांत आतड्यातल्या सीडी४ पेशी धडाधड जातात आणि रक्तातला आकडा तेव्हा बरा दिसत असतो.

५ जून

मीडियाची ऑर्डर अडकली आहे. पुरवठादार रोज 'उद्या' म्हणतो. काम नाही. वाचन.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमधल्या वॉर्नर ग्रीन यांच्या गटाची, सीडी४ पेशी नेमक्या कशा मरतात यावरची, २०१० आणि २०१४ ची कामं पुन्हा नीट वाचली. त्यांनीही टॉन्सिलच वापरले. पहिल्यांदा वाचले होते तेव्हा निष्कर्ष पाठ केला होता. या वेळी प्रयोग कसा बांधलाय ते बघितलं. तोच आपल्याकडे बसवायचा असं ठरलं.

२१ जून

काल बातमी आली, आज कॅन्टीनमध्ये तोच विषय. आफ्रिकेतल्या चाचणीत वर्षातून दोनदा लेनाकापाव्हिरचं इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. एकीलाही नाही. ताईने वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

हे औषध विषाणूच्या गाभ्याच्या कवचाला धरतं. कवच म्हणजे आपण रोज मोजतो तेच पी२४, दीड हजाराच्या आसपास रेणूंचा शंकू. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात होतं की पेशीत शिरल्यावर शंकू लगेच सुटा होतो. अलीकडे दिसलंय की तो जवळजवळ अख्खाच केंद्रकापर्यंत, आतही जातो. नुसतं टरफल समजत होतो, ते बियाण्याला थेट वाफ्यापर्यंत नेणारं वाहन निघालं. औषधाने ते नको इतकं ताठ केलं की पुढचं सगळंच अडतं.

दुपारी मीडिया आला.

२ जुलै

आज टॉन्सिल नव्हे, पालखी. माऊली आणि तुकोबा दोन्ही पालख्या पुण्यातून निघाल्या, आणि आमचा डबा बरोबर हडपसरच्या बाजूच्या हॉस्पिटलमधून यायचा होता. मामा बारा वाजता निघाले, पोहोचले साडेपाचला. डबा गाडीत, गाडी गर्दीत. मामांच्या कपाळावर बुक्का. "ताई, बर्फ दोनदा बदलला वाटेत. एका दिंडीवाल्यांच्या टेम्पोतून मिळाला." डब्यात काय आहे असं त्यांनी विचारलं असेलच. मामांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

टी-०७, प्रौढ रुग्ण. पेशी जिवंत आहेत का बघितलं, बऱ्या निघाल्या.

११ जुलै

टी-०७ फेकला. बुरशी. प्लेट उचलली तर स्पंजावर पांढरा कापूस. बारीक काळे ठिपकेही. पाच तासांच्या प्रवासाचा दोष म्हणायचा की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेचा? टी-०८ च्या दोन प्लेट्सही गेल्या, म्हणजे ट्रेच. पावसाळ्यात पुण्यात पोळीलाही बुरशी येते, इथे तर ३७ अंश आणि गच्च दमट हवा. बुरशीवरचं औषध अँफोटेरिसिन-बी घातलेलं होतं, त्याने काही ऐकलं नाही.

इन्क्युबेटर रिकामा करून दोन दिवस धुतला. ट्रेमध्ये आता निर्जंतुक पाणी आणि दर आठवड्याला बदल. रजिस्टरमध्ये रकाना आखला. बाकी लिहिण्यासारखं नाही, चिडचिड आहे.

१६ जुलै

टी-०९. १४ वर्षांची मुलगी, स्वतः सही केली, सही अजून बसायची आहे. मोठे, छान टॉन्सिल. या वेळी ठोकळे नाहीत. सगळं चाळणीतून कुस्करून सुट्या पेशी केल्या. सुट्या म्हणजे अगदी एकट्या नाहीत. बशीच्या तळाला त्या पुन्हा गोळा होऊन बसतात, गावातल्या पारावरची माणसं जशी. तेच हवंय.

निम्म्यांना एनएल४-३, निम्म्या तशाच. चार-पाच दिवसांनी दोन्ही एकत्र.

२० जुलै

एकत्र केल्या. निरोगी पेशींना आधी सीएफएसई नावाचा रंग लावला, म्हणजे त्या हिरव्या झाल्या. त्यामुळे नंतर कोणती पेशी कुणाकडची ते कळेल: हिरव्या म्हणजे नव्या आलेल्या, बिनरंगी म्हणजे आधीच लागण झालेल्या. मग चार गट.

औषध नाही.
एएमडी३१००: सीएक्ससीआर४ ची कडी झाकतं, म्हणजे दारच बंद.
एफाव्हिरेन्झ: विषाणू आत येतो, पण आरएनएवरून डीएनए बनवणारं यंत्र सुरुवातीलाच अडतं.
राल्टेग्राव्हिर: डीएनए बनतो, पण पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवला जात नाही.

म्हणजे एकाच रस्त्यावर तीन ठिकाणी तीन नाकी. कुठल्या नाक्यानंतर पेशी मरते ते बघायचं. ग्रीन यांच्या प्रयोगाचं सौंदर्य हेच आहे, आणि खर्च जवळपास शून्य. तिन्ही औषधं फ्रीझरमध्ये होतीच.

परवा आणखी एक बातमी वाचली होती, जर्मनीतल्या एचआयव्ही असलेल्या माणसाची. रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदलली आणि आता औषधांशिवाय विषाणू सापडत नाही. एचआयव्हीतून पहिल्यांदा बरा झालेला टिमोथी रे ब्राउन, त्याच्या वेळी दात्याच्या सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रती मोडक्या होत्या. या वेळच्या दात्याची एकच प्रत मोडकी. मग सगळं श्रेय त्या बंद दाराला कसं द्यायचं? ताईचं म्हणणं, परक्या पेशींनी जुन्या सगळ्या खाऊन टाकल्या असतील. मला तेच पटतं.

२५ जुलै

पहाटेपासून असला पाऊस की खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला घरांत पाणी. ताई अडकली, ती आलीच नाही. मी कशीबशी दहाला पोहोचले. दोनदा वीज गेली. जनरेटरने पकड घ्यायला चाळीस सेकंद घेतले आणि तेवढ्यात बीएसएल-३ चा दाबाचा अलार्म. आत होते तेव्हा. असं झालं की सगळं झाकून, जागच्या जागी थांबून, दाब परत येईपर्यंत काही उघडायचं नाही. थांबले. छातीतली धडधड मास्कच्या आत स्वतःलाच ऐकू येते.

पण प्लेट वाचली. फिक्स केली, दुपारी फ्लोला लावली. मोजणीचे मणी घातले होते म्हणून खरी संख्या काढता आली, नुसती टक्केवारी नाही.

औषध नाही: हिरव्या सीडी४ पेशी बहुतेक गायब.
एएमडी३१००: जवळपास निरोगी प्लेटइतक्या.
एफाव्हिरेन्झ: तशाच, शाबूत.
राल्टेग्राव्हिर: गायब. औषध नसलेल्या गटाइतक्याच.

मॅडमना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पहिलं उत्तर: "राल्टेग्राव्हिर खराब झालंय का बघ." बघितलं. हिरव्या पेशींत पी२४ शोधलं, राल्टेग्राव्हिरच्या गटात ते नाहीच. म्हणजे औषध चोख काम करतंय. विषाणू पेशीच्या डीएनएत शिरला नाही, त्याची पिल्लं झाली नाहीत, आणि पेशी तरीही मेली.

मॅडमचं दुसरं उत्तर अर्ध्या तासाने: "मग बरोबर आहे."

मला पेपर पाठ होता. चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी हेच बघितलंय. तरी राल्टेग्राव्हिरच्या त्या रिकाम्या चौकोनाकडे खूप वेळ बघत बसले.

२७ जुलै

शनिवार. मराठीत लिहून बघते, कारण सोमवारी नवीन मुलांना समजवायचंय आणि मलाही नीट समजलंय का ते कळेल.

टॉन्सिलमधल्या बहुतेक सीडी४ पेशी निवांत असतात. शेजारच्या लागण झालेल्या पेशीकडून विषाणू त्यांच्यात शिरतो. डीएनए विणायला घेतो, पण सूत पुरत नाही. अर्धवट तुकडे पेशीच्या रसात पडून राहतात. आयएफआय१६ नावाचं प्रथिन त्यांना ओळखतं: हा आपला डीएनए नव्हे, आणि तो इथे असायचं कारणच नाही. मग कॅस्पेज-१ नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं, पेशीच्या आवरणाला भोकं पडतात, ती सुजून फुटते आणि आतलं सगळं बाहेर सांडतं, त्यात आयएल-१ बीटाही. गुपचूप आवरून घेणारं जे मरण असतं, अपॉप्टोसिस, ते हे नाही. याला पायरॉप्टोसिस म्हणतात, नावातच आग आहे. आयएल-१ बीटाने सूज वाढते, सूज आली की आणखी सीडी४ पेशी धावून येतात. आग विझवायला आलेल्यांचेच कपडे पेटतात.

ग्रीन यांच्या गटाच्या मोजणीत मरणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त अशाच, विषाणूचं एकही पिल्लू न देता मेलेल्या होत्या. विषाणू खरोखर वाढवणाऱ्या पेशी उरलेल्या ५ टक्क्यांच्या आसपास, आणि त्या मरतात कॅस्पेज-३ च्या शांत वाटेने, म्हणजे अपॉप्टोसिसने.

एफाव्हिरेन्झने विणकाम सुरूच होऊ दिलं नाही, तुकडे पडले नाहीत, पेशी वाचली. राल्टेग्राव्हिर त्याच्या पुढच्या नाक्यावर बसलेलं. तोवर तुकडे पडून गेलेले असतात.

एक गोष्ट इथे ठळक लिहायला हवी, नाहीतर कुणीतरी उगाच घाबरेल. याचा अर्थ राल्टेग्राव्हिरच्या जातीची औषधं कुचकामी, असा मुळीच नाही. आपल्याकडे आज पहिल्या फळीत डॉल्युटेग्राव्हिर आहे, तेही याच जातीचं, आणि उत्तम चालतं. शरीरात ते नवी लागणच थांबवतं, त्यामुळे विषाणू ओतणाऱ्या पेशी उरत नाहीत आणि शेजारी मरायचंही थांबतं. माझ्या बशीत मी लागण झालेल्या पेशी मुद्दाम आणून ओतल्या होत्या. बशी म्हणजे माणूस नाही.

३० जुलै

टी-१० वर तोच प्रयोग, सोबत कॅस्पेज-१ चा रंग. फुटायला टेकलेल्या हिरव्या पेशी रंग घेतात, पी२४ वाल्या घेत नाहीत. म्हणजे मूळ निकाल आता एका नमुन्यात नाही, टी-०९ आणि टी-१० दोन्हींत.

सबटाइप-सीने हे करून बघायला घेतलं, तर अडचण. सीसीआर५ असलेल्या पेशी इतक्या कमी की फ्लोवर मोजायला पुरत नाहीत. चार टॉन्सिल एकत्र करता येत नाहीत, वेगवेगळ्या माणसांच्या पेशी एकमेकांशीच भांडायला लागतात. एकाच माणसाचा मोठा टॉन्सिल हवा. किंवा आतड्याचा तुकडा, पण त्यासाठी कमिटीकडे नव्याने जावं लागेल. मॅडम म्हणाल्या, अर्ज लिहायला घे.

९ ऑगस्ट

रक्ताकडे परत. टॉन्सिलमध्ये फटाफट मरणाऱ्या निवांत पेशी रक्तात का मरत नाहीत? एप्रिलमधल्या त्या न चेतवलेल्या प्लेटमध्ये विषाणू वाढला नव्हता, पण पेशी मेल्याही नव्हत्या. तेव्हा मी ते 'काहीच नाही' असं लिहून सोडलं होतं. तेच खरं बघायला हवं होतं. २०१५ मध्ये ग्रीन यांच्याच गटाने दाखवलं की रक्तातल्या पेशी या मरणाला दाद देत नाहीत, पण टॉन्सिलच्या पेशींच्या संगतीत ठेवल्या की देतात. म्हणजे पेशी तीच, मोहल्ला बदलला की मरण बदलतं. आणि सुटे विषाणू कितीही ओतले तरी हे होत नाही, लागण झालेली पेशी शेजारी चिकटलेली लागते. १६ जुलैला मी पाराची उपमा लिहिली होती, तेव्हा हे डोक्यात नव्हतं.

रक्त आणि टॉन्सिल एकाच माणसाचं हवं. ऑपरेशनच्या वेळी ५ मिलि रक्त जादा घेता येईल का, याची दुरुस्ती कमिटीला पाठवली. संमतीपत्रात एक ओळ वाढली. या वेळी 'ऊती' कुठेही नाही हे दोनदा तपासलं.

ईएनटीच्या डॉक्टरांचा फोन आला होता. मे महिन्यातल्या एका मुलाच्या आईने फॉलोअपला आल्यावर विचारलं म्हणे, त्या तुकड्याचं पुढे काय झालं. नंबरवरून नाव काढता येत नाही आणि काढायचंही नाही, पण ९ वर्षांचा असं ते म्हणाले. मी म्हटलं, सांगा त्यांना, कामाला आला.

पुढच्या केसेस दिवाळीच्या सुट्टीत. स्पंज आणि ६ खणी प्लेट्स मागवल्या, इन्क्युबेटरचा ट्रे आज बदलला, रजिस्टरमध्ये सही केली.